कप्तानाने प्यायलेले होकायंत्र

मित्रांनो, मी एक जुने होकायंत्र आहे, आणि माणसांविषयी माझे मत फारसे बरे नाही. त्यातही कप्तान नावाच्या प्राण्याविषयी तर बोलायलाच नको.

माझा जन्म स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक बंदरात झाला. मला घडवले एल्स्पेथ ओर यांनी. त्या घड्याळजीच्या कन्या. तेव्हाची होकायंत्रे कोरडी असत; आगबोट हादरली की त्यांची तबकडी भिंगरीसारखी फिरायची. एल्स्पेथबाईंनी माझी पितळी वाटी पाण्याने आणि मद्यार्काने काठोकाठ भरून वर काच बसवली. त्यात तरंगणारी माझी तबकडी वादळातही उत्तर सोडत नसे.

बंदरातले दीडशहाणे हसले. "होकायंत्र आहे की सूप?" म्हणाले. स्वतःच्या घरची वाट ज्यांना बायको दाखवायची, ते हे.

शेवटी डंकन मॅकराय या कप्तानाच्या बोटीवर माझी परीक्षा ठरली. बाई स्वतः सोबत आल्या. मॅकराय म्हणजे दाढी लावलेले पिंप. त्याला माझ्यातल्या मद्यार्काचा वास लागला. बाई जेवायला गेल्या तशी त्याने माझा स्क्रू काढला, नळी घातली आणि तो मला चक्क प्यायला! वर ढेकरही दिली.

दुपारी धुके उतरले. दोन्ही बाजूंना खडक, आणि माझी तबकडी रिकाम्या वाटीत अडकून बसलेली.

"बघा, बिघडलं तुमचं खेळणं!" मॅकराय ओरडला.

बाईंनी वाटीत डोकावले, मग त्याचे तोंड हुंगले. "बिघडलं नाही, तुमच्या पोटात गेलंय. व्हिस्की काढा."

"माझी? अहो बाई, मुरलेली आहे ती!"

"मग खडकावर बसून प्या. मी प्रवाशांना सांगते, कप्तान होकायंत्र प्यायला."

सुकाणूवाल्याने धावत जाऊन बाटली आणली. बाईंनी ती माझ्यात रिती केली. मॅकरायच्या डोळ्यांत पाणी आले. बोट बुडती तरी आले नसते. माझी तबकडी वर आली, डुलली, उत्तरेला थांबली.

"डावीकडे घ्या!" बाई म्हणाल्या. उजवीकडे खडकांवर फुटणाऱ्या लाटा ऐकू आल्या आणि मागे पडल्या.

ओबन बंदराच्या धक्क्यावर मॅकरायने छाती फुगवली. "धुक्यातही मला खडकाचा वास येतो!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला डोके लागत नाही. बाईंनी मात्र माझा स्क्रू वितळलेल्या कथलाचा डाग देऊन कायमचा बुजवला.

पुढे बोटीच्या मालकांनी माझ्यासारखी शेकडो यंत्रे करून घेतली. प्रत्येकावर त्यांचेच नाव. आज मी एका खानावळीच्या खिडकीत आहे. माझ्या काचेवर लोक पेले ठेवतात.

मित्रांनो, मला पुसू नका, चकाकवू नका. माझ्या पितळावर फक्त 'एल्स्पेथ ओर' एवढे कोरा.