चादरीखालचा भोपळा

कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातल्या आमच्या गावात, सगळ्यात वजनदार भोपळ्याची स्पर्धा भरवणाऱ्या भोपळा मंडळाचा अध्यक्ष म्हणजे बर्टन सॅनफर्ड. दर वसंतात तो अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये आम्हाला कुजण्यावर व्याख्यान द्यायचा. त्याचं म्हणणं सोपं होतं: फळ कुजतं ते आळशी माणसाचं.

त्या वर्षी जुलैत थेल्मा बुद्रोच्या भोपळ्याला देठाजवळ मऊ डाग पडला. तिने बैठकीत सरळ उपाय विचारला.

"थेल्मा, तू भोपळा वाढवतेस की खत?" बर्टन म्हणाला. सगळा हॉल हसला; चांगलं बी त्याच्याकडूनच मिळायचं ना.

थेल्मा घरी गेली. कडक गर लागेपर्यंत सगळं सडकं तिने चमच्याने खरवडून काढलं, खड्ड्यात गंधकाची पूड भुरभुरली आणि दिवाणखान्यातला पंखा मळ्यात नेऊन त्यावर सोडला. भोपळ्याच्या डोक्यावर सूपच्या वाडग्याएवढा खड्डा राहिला, पण वाळून त्याला खपली धरली.

ऑगस्टअखेर बर्टनच्या राक्षसी भोपळ्याला वास यायला लागला. देठाजवळच्या चिरेत पावसाचं पाणी मुरलं होतं. त्याची बायको युनिस चमचा घेऊनच मळ्यात आली.

"खरवडून टाक, बर्टन. अजून वरवरच आहे."

"तो घाम आहे. मोठ्या फळांना येतो."

"घामावर एवढ्या माश्या?"

"फोटोत खड्डा दिसेल, युनिस. मी अध्यक्ष आहे."

त्याने चिरेत मेणबत्तीचं मेण ओतलं, त्यावर नारिंगी रंगाचा हात फिरवला आणि उन्हाचं निमित्त सांगून फळावर पांढरी चादर टाकली. बघायला येणाऱ्यांना तो कुंपणापासूनच चादर दाखवायचा आणि लोक चादरीचंही कौतुक करायचे. मेणाखाली कोंडलेली घाण मात्र आत उतरत राहिली, थेट तळापर्यंत.

ऑक्टोबरात वजनाचा दिवस आला. बर्टन टाय लावून हजर. क्रेनने पट्ट्यांत बांधलेला भोपळा फळीवरून कमरेएवढा उंच उचलला आणि बर्टन फोटोसाठी त्याला हात टेकवून उभा राहिला. आधी मेणाची गुठळी निखळली. मग पचकन आवाज झाला, तळ सुटून खाली फळीवर आदळला आणि आतलं सगळं बर्टनच्या पँटवरून त्याच्या बुटांत उतरलं. वास असा की बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं.

परीक्षकबाईंनी गुठळी उचलली. "हे काय?"

"पट्टे चुकीचे बांधलेत," बर्टन म्हणाला.

"मी मेणाबद्दल विचारतेय."

बर्टनने क्रेनवाल्याकडे रागाने पाहिलं.

थेल्माच्या भोपळ्याच्या खड्ड्यात बाईंनी बोट फिरवून पाहिलं आणि वजन लिहून घेतलं.

"असलं फळ स्पर्धेत बसतं?" बर्टनने ओल्या पँटमधूनच विचारलं.

"कोरडं आहे, आरपार भोक नाही. बसतं."

थेल्माचा तिसरा नंबर आला.

युनिस थेल्माच्या ट्रकमध्ये जाऊन बसली. बर्टन खिडकीशी आला. "आपल्या गाडीतून चल ना."

"त्या पँटबरोबर नाही. तू मागून ये, आणि कपडे अंगणातच काढ."

बर्टन एकटाच पाइपने फळी धूत बसला. मदतीला आम्ही कोणी गेलो नाही. हॉलमध्ये माशांचं सूप गरम होतं, आणि भूक सगळ्यांनाच अचानक लागली होती.