न वाजवलेलं दार

"नाना, तुम्ही म्हणालात तसंच झालं. मोडलं नाही," लॅपटॉपच्या पडद्यावरून प्रणिता म्हणाली. चेहरा मात्र सुतकी.

तेलंगणातल्या अंबरपेठेत सकाळचे अकरा वाजत आले होते. स्कॉटलंडने ब्रिटनपासून वेगळं व्हायचं का, या सार्वमताचा निकाल नुकताच लागला होता. नाही. टीव्हीवर ग्लासगोच्या चौकात निळे झेंडे पांघरून तरुण पोरी रडत होत्या. दुसरीकडे लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. वीज खात्यातून निवृत्त झालेल्या एकनाथरावांनी आवाज बारीक केला.

प्रणिता सहा वर्षं ग्लासगोत नर्स होती. भारतीय असली तरी तिथली रहिवासी म्हणून तिलाही मत होतं. कुणाला देऊ, असं तिने पंधरा दिवसांपूर्वी विचारलं, तेव्हा एकनाथराव म्हणाले होते, "तोडायचं कशाला? इथं बघितलं ना आपण." तिने वडिलांचं ऐकलं.

"मग आता रडतेस का?"

"मॉरीन आजी, नाना." खालच्या मजल्यावरची ही सत्तरीची बाई प्रणिताच्या ड्यूटीच्या वेळी तिच्या लेकीला सांभाळायची. "दाराला लावलेला झेंडा त्यांनी सकाळी उतरवला आणि तिथंच जिन्यात बसल्या. मी वरून बघितलं. खाली जायचं धाडसच होईना. माझं मत त्यांच्याच बाजूला पडलं असं त्या धरून चालल्यात."

एकनाथरावांनी टीव्ही बंद केला.

"समोरच्या सुब्बारावांकडे जून महिन्यात मी गेलो नाही, मालूम आहे तुला?"

सुब्बाराव किनाऱ्याकडच्या आंध्रातले. बावीस वर्षं दारासमोर दार.

"आंध्रापासून तेलंगणा वेगळं झालं त्या दिवशी गल्लीत फटाके, मिठाई. त्यांचं दार दिवसभर बंद. आत माणूस बसलाय हे मला कळत होतं. पण माझ्या हातात कुणीतरी दिलेला पेढ्यांचा डबा. म्हटलं, उद्या जाऊ. उद्याचं परवा झालं. ऑगस्टमध्ये ते विजयवाड्याला राहायला निघाले, सामानाचा ट्रक आला, तेव्हा मी बाल्कनीतून हात हलवला. तेवढंच."

"तुम्ही कधी बोलला नाहीत हे."

"काय बोलायचं? तुला मात्र मोठ्या तोंडाने सल्ला दिला." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "तू जा खाली. मत सांगायचं की नाही ते तुझं तू बघ. पण जा."

संध्याकाळी तिचा फोन आला. मॉरीनने दार उघडलं होतं आणि प्रणिताने खरं ते सांगून टाकलं होतं. म्हातारी दाराची चौकट धरून उभी राहिली. मग म्हणाली, "मत तुझं होतं, बाळ. आज मला एकटीला राहू दे. सोमवारी पोरीला घेऊन ये."

फोन ठेवल्यावर एकनाथरावांनी विजयवाड्याचा नंबर लावला. चार-पाच वेळा वाजल्यावर सुब्बारावांनी उचलला. बावीस वर्षं हा माणूस त्यांना "चेप्परा", बोल रे, म्हणत आला होता.

"चेप्पंडी, एकनाथराव गारू," सुब्बाराव अदबीने म्हणाले. बोला, एकनाथरावजी.

एकनाथरावांनी तब्येत विचारली. तिकडून त्यांचीही विचारली गेली.