सिमेंटच्या दरजा

एम्रिस प्रोबर्ट हाडाचा गवंडी, वय अठ्ठ्याहत्तर. गावाच्या टेकडीवरचा नॉर्मन किल्ल्याचा बुरूज म्हणजे त्याचा जीव की प्राण. आठशे वर्षं तो चुन्यावर उभा होता. पंचेचाळीस वर्षांपूर्वी गावानं त्याला वाचवायचा चंग बांधला आणि शनिवारमागून शनिवार, एम्रिसच्या देखरेखीखाली, जुना चुना खरवडून दगडांमधल्या दरजांत सिमेंट भरलं. हौस दांडगी, अक्कल बेताची. तेव्हा सगळीकडे तसंच करत, हेही खरं.

आज पाहणीला हेस्टर लाइल आली होती, जुन्या इमारतींची जाणकार. तिनं भिंतीवर हात फिरवला. तळव्याला दगडाची लाल वाळू लागली.

"चुना पाणी बाहेर सोडतो, मिस्टर प्रोबर्ट. सिमेंट सोडत नाही. पाणी दगडात अडकतं, थंडीत गोठतं आणि दगडाचा चेहराच उडवतं."

"मग काढतो की सिमेंट! छिन्नी आहे घरी, हातही शाबूत आहेत."

"काढताना दगडच येतील. तुम्ही फार पक्कं काम केलंय."

"शिव्या द्या हो बाई, कौतुक नको."

ती खाली बघत म्हणाली, "सोमवारी कुंपण घालतोय. पडेल ते पडू द्यायचं. तुम्ही हात लावू नका, कायद्यानंही चालणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी कडक हिव पडलं होतं. एम्रिस कोट चढवू लागला.

"कुठे रे निघालास? चहा निवतोय," बायको ओरडली.

"आलोच, मेगन."

टेकडी चढताना त्याला धाप लागली. एकच दरज काढून बघू, एवढंच त्याच्या मनात होतं. बुरुजाच्या कमानीखालच्या सांध्यावर त्यानं छिन्नी टेकवली आणि हलकेच हातोडा मारला. सिमेंटला ओरखडाही उठला नाही. त्यानं जरा जोर लावला. शेजारच्या दगडाचा वीतभर पापुद्रा सुटून त्याच्या पायाशी पडला. सिमेंट जिथल्या तिथे. त्याला रडू आलं, आणि स्वतःचा मनस्वी रागही आला.

तो वाकला, पापुद्रा अलगद उचलला आणि होता तिथे लावून बघितला. चपखल बसला.

फक्त त्यावरचा हात काढता येईना.