टाचेतला भार

"कळतंय का काही?" सत्यवती नर्सने भागोजीची टाच अंगठ्याने दाबून पाहिली.

"कलतंय, बाय. पन ही टाच माजी वाटतच न्हाय."

भागोजी रेवसचा तांडेल, स्वतःचा मचवा हाकणारा. गेल्या पावसाळ्याआधी डोलकाठीवरून पडला आणि पाठीचा मणका मोडला. प्लास्टर निघालं तोवर थंडी आली. हाड जुळलंय, आता उभे राहा, असं अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं. पण बायको, सोनूबाई, त्याला उभं करी तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी येई, पाय मेणासारखे वाकत. दोनदा पडल्यावर त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं ते फिरवलंच.

"डॉक्टरांनी मासिकात वाचलंय," सत्यवती खाटेच्या कडेला बसली. "दोन अमेरिकन यानात बसून आठ दिवस पृथ्वीभोवती फिरले. तिथं माणसाला वजनच नसतं, नुसता तरंगतो. जाण्याआधी आणि आल्यावर त्यांच्या टाचांचे एक्स-रे काढले. हाड विरळ झालेलं! चांगली धडधाकट माणसं. भार पडला नाही की हाड झिजतं, भागोजीदादा."

भागोजीने मान वळवली. "वर काय हाय तिथं?"

"काही नाही. काळोख. आणि खाली निळी पृथ्वी."

"मंग मी बी तिथंच हाय," तो हळूच म्हणाला. "दुपारची खाट जमीन सोडते. कौलांतून जाते वर. खाली समदी खाडी दिसते, मचवे दिसतात. हाक मारली तं कुनाला आयकू जात न्हाय."

सोनूबाईने पदर तोंडाला लावला. मग एकदम म्हणाली, "नर्सबाय, पान्यात मानूस हलका व्हतो ना? यांना खाडीत उभं केलं तं?"

सत्यवतीने क्षणभर विचार केला. "आधी छातीएवढ्या पाण्यात. मग रोज थोडं कमी. पहिल्या दिवशी मी येते."

पहिल्या दिवशी सत्यवतीच्या देखत भागोजीचा धाकटा भाऊ सदा आणि सोनूबाई यांनी त्याला उचलून भरतीच्या पाण्यात नेलं. पाणी कोमट होतं. पाय खाली गेले, वाळूला लागले. अंधारी आली नाही. पलीकडचा किनारा धुक्यात विरला होता. आभाळ कुठे संपतं आणि खाडी कुठे सुरू होते, ते कळत नव्हतं. बारीक मासळी त्याच्या पोटऱ्यांना हुंगून जात होती.

"सोडू का?" सदाने विचारलं.

"बोलू नको रे," भागोजी डोळे मिटून म्हणाला.

छातीवरून पाणी कमरेला आलं, कमरेवरून गुडघ्याला. रोज तो थोडा जड होत गेला. गुडघाभर पाण्यात पाय थरथरले, एकदा तो बसलाही; पण दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाला, "चल."

मचव्यावरचं काम आता विसरा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून शेवटी एका सकाळी त्याचा मचवा सदा नेणार होता.

"दादा, जाऊ?"

"जा. खडकाच्या अंगाला वारा फिरतो, शीड सांभाल."

भागोजी सोनूबाईच्या आधाराने ओल्या वाळूवर उभा होता. पाणी मागे सरलं होतं. मचवा हलला, शिडात वारा भरला.

"लय जड लागतंय गो," तो म्हणाला.

"काय?"

"मीच."

सोनूबाईने त्याच्या कोपराखालचा आपला हात अलगद काढून घेतला. टाचा वाळूत रुतल्या. शीड दिसेनासं होईपर्यंत तो उभा राहिला.