निळ्या गाडीला हलवलेली टोपी

डॅडींना चष्म्याची उजवी काच पुसायला चार सेकंद लागतात आणि डावी पुसायला नऊ. शर्यतीआधी गाड्या सावकाश फेऱ्या मारत होत्या, तेवढ्या वेळात त्यांनी डावी काच तीनदा पुसली. काच स्वच्छ होती. घरून निघताना मीच ती साबणाने धुतली होती.

"पाइनचे पराग," डॅडी म्हणाले. "एप्रिलमध्ये नॉर्थ कॅरोलायनात कुणालाच धड दिसत नाही."

जानेवारीत त्यांना हीटरच्या कोरड्या हवेमुळे दिसत नव्हतं, त्याआधी ऑक्टोबरात उतरत्या उन्हामुळे. मी गावाच्या पाणी शुद्धीकरण केंद्रात काम करते. रोज सकाळी काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, त्यातून प्रकाश सोडायचा आणि गढूळपणा मोजायचा, हे माझं काम. डॅडींच्या डाव्या डोळ्यात जे दिसायचं, तसलं पाणी मी गावाला पिऊ दिलं नसतं.

मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत, डाव्यात जास्त. साधा, पिकलेला, वीस मिनिटांत निघणारा. जिल्ह्यात डोळ्यांचे डॉक्टर एकच, डॉ. मॅडॉक्स. दोन वर्षांपूर्वी मी डॅडींना त्यांच्या दवाखान्याच्या दारापर्यंत नेलं होतं. तिथे डॉक्टरांच्या राखीव जागेत एक लाल शेव्हर्ले पिकअप उभा होता. तेव्हा डॅडींना एवढं दिसत होतं.

"वळव गाडी," ते म्हणाले. "ज्याला साधा ट्रक निवडता येत नाही, त्याच्या हातात मी डोळा देऊ?"

त्यानंतर मी चार वेळा तारीख घेतली आणि चार वेळा रद्द केली. तिथली नर्स आता माझा आवाज ओळखते. पाचवी तारीख येत्या मंगळवारची होती. सोमवारी सकाळी नऊच्या आत होकार कळवायचा, नाहीतर मग थेट ऑगस्ट. मार्चमध्ये डॅडी मागच्या दाराची शेवटची पायरी चुकून पडले होते. ऑगस्टपर्यंत त्यांना ती पायरी आणखी किती वेळा उतरावी लागेल, ते मी मोजून ठेवलं होतं.

हे सगळं मी त्या दुपारी ट्रॅककडे येताना गाडीत सांगितलं.

"बघू," डॅडी म्हणाले. मैलभर गेल्यावर त्यांनी विचारलं, "कापताना माणसाला जागं ठेवतात ना गं?"

"हो. पण दुखत नाही."

"दुखण्याचं कोण विचारतंय?"

आमचा हॅलर्ड क्रीकचा ट्रॅक अर्ध्या मैलाचा. स्टँडच्या मधोमध एक जिना आहे. जिन्याच्या डावीकडे फोर्डवाले बसतात आणि उजवीकडे शेवीवाले, म्हणजे शेव्हर्लेवाले. असं कुठे लिहिलेलं नाही, पण नव्या पाद्रीबाबांनासुद्धा तुम्ही कुठल्या बाजूचे, हे कुणीतरी पहिल्याच रविवारी विचारून ठेवतं. चौथ्या रांगेतली जिन्यालगतची आमच्या, म्हणजे फोर्डच्या, बाजूची जागा डॅडींची. जिन्यापलीकडची हॉइट टीगची. मोजे विणायच्या गिरणीत दोघांनी पस्तीस वर्षं शेजारी उभं राहून यंत्रं दुरुस्त केली. दोघांची घरंही समोरासमोर. तरी एकेचाळीस वर्षं त्यांनी या जागा सोडल्या नाहीत, कारण शत्रूच्या इतकं जवळ दुसरीकडे कुठेच बसता येत नाही.

हॉइटचा आवाज लाकूड कापायच्या करवतीसारखा. इंजिनांच्या गर्जनेतही तो जिना ओलांडून डॅडींच्या कानापर्यंत पोचायचा.

"ए ओडेल! गेली की रे तुझी एकसष्ट पाचव्या नंबरावर! तो बघ माझा ब्रॅडी, दुसऱ्या वळणावर आतून कसा शिरतोय! आता पुसत बस चष्मा!"

डॅडी तेवढ्याच जोरात उत्तर द्यायचे. आम्हा सगळ्यांना त्याची सवय होती.

त्या दिवशी मात्र हॉइट गळ्याला मफलर गुंडाळून आला होता. हातात शाळेची वही होती. त्याने मला पहिलं पान दाखवलं: 'घसा गेला. डॉक्टरने तीन आठवडे बोलायचं नाही म्हणून सांगितलंय.'

मी ते डॅडींना सांगितलं.

"देव आहे," डॅडी म्हणाले. "ऐकायला त्याला एकेचाळीस वर्षं लागली, पण आहे."

हॉइटने काहीतरी खरडून वही त्यांच्या नाकासमोर धरली. डॅडींनी एक नजर टाकली. "वाचलं, वाचलं. तुझ्या अक्षरापेक्षा तुझा आवाज बरा होता."

हॉइटने माझ्याकडे पाहिलं. मी खाली ट्रॅककडे पाहिलं. ब्रॅडी हा हॉइटचा लाडका ड्रायव्हर; त्याची एक्याऐंशी नंबरची शेव्हर्ले आजवर लाल होती. यंदा गाद्यांच्या एका दुकानाने तिचा खर्च उचलला आणि तिला आपल्या पाटीसारखा निळा रंग दिला. आमची एकसष्ट नंबरची फोर्ड निळी आहेच, पहिल्यापासून. या गाड्यांची कवचं जवळपास सारखीच असतात. पुढचे दिवे, जाळी, कंपनीचं नाव, सगळं वरून चिकटवलेलं. चिकटवलेलं वाचता आलं नाही, तर उरतो फक्त रंग.

"डॅडी, यंदा ब्रॅडीची गाडीपण निळी आहे."

"असू दे की. फोर्डचं इंजिन मी झोपेतसुद्धा आवाजावरून ओळखतो."

ट्रॅकवर बावीस इंजिनं चालू होती.

आता टोपीबद्दल सांगायला हवं. पहिली गाडी रेषा ओलांडत असताना जो उभा राहून टोपी हलवतो, तो त्या गाडीच्या कंपनीचा माणूस. हंगामभर त्याने त्याच बाजूला बसायचं. हा कायदा मिस युलांनी केला; इकडे वडीलधाऱ्या बाईला लग्न झालेलं असलं तरी मिसच म्हणतात. त्यांचे दीर जो जिंकेल त्याला टोपी हलवत आणि दोन्हीकडच्या मेजवान्या खात, म्हणून. मिस युला आता चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि पहिल्या रांगेत बसतात. कायदा आजवर दोनदाच वापरला गेलाय; त्यातला एकजण पुढे टेनेसीला राहायला गेला. बाजू बदलायचा दुसरा मान्य मार्ग एकच, लग्न. माझी आई तशीच इकडे आली होती.

शेवटच्या दहा फेऱ्या उरल्या तेव्हा मी हॉटडॉग आणायला उठले. ट्रे घेऊन जिना चढत होते तेव्हा शेवटची फेरी सुरू होती. चौथ्या वळणातून एक निळी गाडी सगळ्यांच्या पुढे बाहेर आली. हॉइट जिन्यावर वाकून वही डॅडींच्या तोंडासमोर नाचवत होता. डॅडींनी वही एखाद्या माशीसारखी हाताने बाजूला केली, उभे राहिले आणि टोपी काढून डोक्यावर गोल फिरवली.

"याला म्हणतात गाडी!" ते ओरडले. "बघा रे, बघा! याला म्हणतात गाडी चालवणं!"

एक्याऐंशी नंबर रेषा ओलांडून गेला. आमची एकसष्ट चौथी आली, दाराला पोचा पाडून घेऊन.

जिन्याच्या डाव्या बाजूला फक्त डॅडी उभे होते. इंजिनांचा आवाज हळूहळू उतरत गेला तशी बाकीच्यांची शांतता ऐकू यायला लागली. मिस युला कंबरेतून मागे वळत नाहीत, त्या सगळ्याच्या सगळ्या वळतात. त्याला वेळ लागतो. त्या वळल्या.

"ओडेल प्रेसनेल, ती एक्याऐंशी होती."

डॅडींचा हात टोपीसकट वरच राहिला. त्यांच्यापुढे दोनच उत्तरं होती. एक, मला दिसलं नाही. दुसरं त्यांनी दिलं.

"माहितीये," ते म्हणाले. "चांगली चालवली पोराने. चांगल्याला चांगलं म्हणायला माणसाचं काय जातं?"

"पण शेवी होती ती!" मागून कुणीतरी कळवळून ओरडलं.

"मला दिसतं ना."

"तुला तिकडे लग्नबिग्न करायचंय का?" मिस युलांनी विचारलं.

"नाही हो, मिस युला."

"मग कायदा तुला माहीत आहे. चल, जिना ओलांड."

डॅडींनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे मी होते त्याच्या दीड फूट डावीकडे पाहिलं. बोलू नकोस, असं त्या बघण्यात होतं. मी एक शब्द बोलले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं. मी गप्प राहिले. माझ्या शब्दांनी दोन वर्षांत काही झालं नव्हतं. शेवीवाल्यांच्या सोबतीत अर्ध्या तासात होईल, असा माझा अंदाज होता.

शेवीवाल्यांनी त्यांचं फार प्रेमाने स्वागत केलं. तीच खरी शिक्षा होती. एका रुंद माणसाने सरकून जागा दिली. एका बाईने उकडलेल्या शेंगांची ओली पिशवी त्यांच्या हातात कोंबली. कुणीतरी मागून त्यांच्या डोक्यावर शेव्हर्लेची टोपी चढवली. डॅडी स्वतःची टोपी गुडघ्यावर दोन्ही हातांनी धरून बसले. मी जिन्यावरच बसले, हॉटडॉगच्या ट्रेसकट.

"आलात ते बरं केलंत, मिस्टर ओडेल," रुंद माणूस म्हणाला. "बहात्तराव्या वर्षी का होईना, अक्कल आली."

"एकाहत्तर," डॅडी म्हणाले.

दुसरी शर्यत सुरू झाली. आपली गाडी समोरून गेली की उठायचं, ही तिकडची पद्धत. प्रत्येक फेरीला रुंद माणूस डॅडींच्या बरगडीत कोपर मारायचा. "हं, उठा! आपला आला!" डॅडी उठायचे. पहिल्यांदा पूर्ण उठले, चौथ्यांदा अर्धे. सातव्या फेरीला त्यांची पाठ बाकापासून जेमतेम चार बोटं वर आली.

"कंबर धरली का?"

"नाही. मान," डॅडी म्हणाले.

हॉइट त्यांच्या दुसऱ्या बाजूला होता. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच दोघांच्या मध्ये जिना नव्हता. मला वाटलं होतं, हॉइट खूश होईल. तो जिन्यापलीकडच्या डॅडींच्या रिकाम्या जागेकडे बघत बसला होता, दात काढल्यावर जीभ परत परत तिथेच जाते तसा. मग त्याने वही उघडली आणि लिहायला लागला. पान भरलं. ते फाडून त्याने डॅडींच्या हातात दिलं.

त्याच वेळी तिसऱ्या वळणावर कुणीतरी भिंतीला घासलं, पिवळं निशाण लागलं आणि गाड्या सावकाश झाल्या. एकदम शांत झालं. डॅडींनी कागद लांब धरला, मग नाकाला लावला, मग उजेडाकडे तिरका केला. आणि मग दोन वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. कागद माझ्याकडे पुढे केला.

"वाच."

मी वाचलं. प्रयोगशाळेतला अहवाल वाचते त्याच आवाजात वाचलं, कारण माझ्याकडे दुसरा नाही.

"'दोन वर्षं तुझ्या कानात ओरडून सांगतोय कुठली गाडी कुठे आहे. तुला काय ते टोमणे वाटले, गाढवा? घशात गाठी आल्यात म्हणे, ओरडून ओरडून. तुझ्या डोळ्यांपायी माझा घसा गेला. आता ते डोळे करून घे आणि तुझ्या जागेवर जाऊन बस. इथे माझ्या शेजारी तू मला बघवत नाहीस.'"

डॅडींनी हात पुढे करून कागद परत घेतला.

"हे किती जणांनी ऐकलं?"

"आसपासच्या पाच रांगांनी तरी नक्की," मी म्हणाले.

"मग बाकीच्यांनी काय पाप केलंय?"

ते उठले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी रुंद माणसाला नीट परत दिली, शेंगांची पिशवी त्या बाईच्या हातात दिली, "छान होत्या" म्हणाले, आणि स्वतःची टोपी घातली. पायाने चाचपत ते जिन्यावर आले आणि बरोबर मधोमध उभे राहिले.

"मिस युला! मला दिसत नाही. निळं काहीतरी दिसलं आणि मी उठलो."

मिस युला पुन्हा सगळ्या वळल्या. "कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

"म्हणजे नाताळात माझा झगा सुंदर दिसतोय म्हणालास, ते न बघताच?"

"आवाजावरून म्हणालो."

स्टँडच्या दोन्ही बाजू एकदम हसल्या. अशा त्या एकत्र हसलेल्या मला आठवत नाहीत. हॉइटचे फक्त खांदे हलत होते. मिस युला हसल्या नाहीत. त्या विचार करत होत्या, आणि कायद्याचा विचार घाईने होत नाही.

"ज्याला दिसत नाही त्याची टोपी धरायची नाही, हे मला पटतं," शेवटी त्या म्हणाल्या. "पण उद्या कुणीही उठेल आणि म्हणेल मला दिसत नव्हतं. मला डॉक्टरची चिठ्ठी लागेल. सहीशिक्क्यासकट. ती येईपर्यंत तू तिकडेच."

जिल्ह्यात तसली चिठ्ठी देणारा डॉक्टर किती आणि कुठला, आणि त्याच्या राखीव जागेत काय उभं असतं, हे स्टँडमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. पिवळं निशाण उतरलं. गाड्या शेवटच्या वळणावर वेग घ्यायला लागल्या, म्हणजे आवाज येऊन धडकायला दहाएक सेकंद होते.

डॅडींनी चष्मा काढला आणि डावी काच पुसायला घेतली. तीन सेकंद पुसली. मग थांबले, चष्मा घडी करून खिशात ठेवला आणि मी होते त्याच्या दीड फूट डावीकडे तोंड केलं.

"लोरीन," ते म्हणाले, पार वरच्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "सोमवारी नऊच्या आत त्या शेवीवाल्याला फोन लाव. सांग, मी मंगळवारी येतोय. आधी डावा."