मी, सुकेशनीताईंची डाग धुणारी मशीन

मित्रांनो, मी गाड्या धुवायची एक जुनी मशीन आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच तोंड वाकडं करू नका. माझा लाल रंग उडालाय, एक चाक लंगडतं आणि पट्टा ढिला पडला की चालू होताना मी चिमटा घेतलेल्या लेकरासारखी किंचाळते. हे सगळं खरं आहे. पण एकदा का माझ्या गनमधून पाणी सुटलं, की वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेले तेलाचे डागसुद्धा जागा सोडतात.

माझा जन्म संभाजीनगरकडच्या एका पत्र्याच्या शेडमधला. मोटर एकीकडची, पंप दुसरीकडचा, पाइप तिसरीकडून आणलेला. सोयऱ्यांनी घाईघाईत लग्न उरकावं तसं आम्हाला एका लोखंडी चौकटीवर बोल्टांनी आवळलं. तिथून टेम्पोत बसून मी ताडकळसला आले, रस्त्याकडेच्या एका वॉशिंग सेंटरवर.

काय दिवस होते ते! मोटारसायकली, जीपा, ट्रॅक्टर, सगळे माझ्यासमोर न्हाऊन जायचे. एका पोळ्याला तर एक शेतकरी चक्क बैल घेऊन आला. मालक म्हणाला, "बैलाचा दर बोर्डावर न्हाई." शेतकरी म्हणाला, "मोटारसायकलचा दर लावा की. फुडचे दोन पाय तुमी धुवा, मागचे मी घरी धुतो." बैलाला माझी धार इतकी आवडली, की त्यानं तिथंच बसकण मारली. त्याला उठवायला अर्धा बाजार लागला.

मग सेंटरचा बोअर आटला. पाणी नाही म्हटल्यावर मशीन कशाला? मला कोपऱ्यात ढकललं. माझ्यावर मिरच्या वाळल्या, माझ्या पट्ट्याखाली कोंबडीनं अंडी घातली. येणारे जाणारे कोंबडीचं कौतुक करायचे. माझ्याकडे फक्त भंगारवाला बघायचा, आणि त्याची नजर मला कधीच आवडली नाही.

त्याच्या आधी सुकेशनी आली, हे माझं नशीब.

सुकेशनी पेट्रोल पंपावर गाड्यांत पेट्रोल भरायची. सांडलेल्या ऑइलवरून रोज कुणीतरी घसरायचं, आणि पडलेला माणूस उठून आपली गाडी पुसायचा. खालचा सिमेंटचा कोबा तसाच काळा. तिच्या डोक्यात आलं, गाड्या धुणारे गल्लोगल्ली आहेत, पण ज्याच्यावर गाड्या उभ्या राहतात तो कोबा धुणारं कुणीच नाही. तिनं पंपाची नोकरी सोडली आणि नवरा धम्मदीपच्या ॲपे ऑटोत घालून मला घरी आणलं.

दारावर बोर्ड लावला, 'सुकेशनी डाग सफाई सेवा'. तो रंगवताना पेंटरचा डबा लवंडला आणि आमच्याच दारात भलामोठा निळा डाग पडला. आम्ही तो धुतला, घासला, खरवडला. निघाला नाही. तेलाचे डाग काढणाऱ्यांच्या दारात रंगाचा डाग. आजही आहे, येऊन बघा.

बोर्डावर सगळे हसले. सासूबाई सरजाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"काऊन आणलीस गं ही?"

"आत्या, लोकांच्या अंगणातलं ऑइल काढायचा धंदा करायलेय मी."

"तुझ्या आजेसासऱ्यानं दीक्षा घेतली तवा गावाची झाडलोट सोडली. गावानं बोलणं टाकलं, तरी परत झाडू धरला न्हाई. अन् तू मशीन आणून दुसऱ्याची घाण काढायलीस?"

सुकेशनीनं खाली ठेवलेलं सूप उचलून भिंतीला टेकवलं. मग म्हणाली, "आत्या, तवा बोलावलं की जावंच लागत व्हतं. मी माझ्या टायमानं जाणार, दर माझा मी सांगणार. अन् न्हाई पटलं तर पाइप गुंडाळून घरी."

"बघू. कुणी येकानं जरी 'ए बाई' म्हणून हाक मारली, तर त्या दिशी ही मशीन भंगारात."

"मंजूर."

मित्रांनो, हे मंजूर करताना माझं मत कुणी विचारलं नाही.

पहिलं काम पालमच्या नागनाथ मिस्त्रीच्या गॅरेजचं. त्याच्या पोराला बघायला मुलीकडचे पाहुणे यायचे होते. कोबा इतका काळा, की आत पाना पडला तर आवाजावरून शोधावा लागायचा. सुकेशनीनं आधी लाकडाचा भुसा पसरला, म्हणजे वरचं ऑइल त्यानं पिऊन घेतलं. मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून ब्रशानं घासलं. आणि मग मी! मी असा कोबा चमकवला, की मिस्त्री चपला काढूनच आत आला.

"ताई, आता हितं जेवायला बसावं वाटायलंय!"

पाहुणे आले. मुलीचा बाप कोब्याकडे बघतच राहिला. मग त्यानं हळूच विचारलं, "मिस्त्री, धंदा बंद केला का तुमी?"

"न्हाई हो पाव्हणं, जोरात चालू हाय."

"मग ऑइलचा येक ठिपका कसा न्हाई? पोरगी द्यायची म्हणजे बघावं लागतं की."

नागनाथला घाम फुटला. तो मागं गेला, जुन्या ऑइलचा डबा घेऊन आला आणि पाहुण्यांच्या देखत तो कोब्यावर उपडा केला. "हे बघा! सकाळीच इंजिन उतरवलंय!"

सोयरीक जमली. कोबा पुन्हा काळा. नागनाथ हात जोडून म्हणाला, "ताई, तुमी लय भारी काम केलं. तेच चुकलं."

सरजाबाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पैसे देऊन धुवून घेतेत अन् फुकट घाण करतेत. असा धंदा म्या जल्मात बघितला न्हवता." पण नागनाथ 'ताई' म्हणाला होता. मी वाचले.

दुसरं काम व्यंकटरावांच्या अंगणाचं. मोठं घर, मोठं अंगण, जीपच्या जागी एकच डाग. "तेवढाच काढा," असा निरोप होता. आम्ही तेवढाच काढला. काढला आणि घात झाला. डागाच्या जागी कोबा असा पांढराशुभ्र निघाला, की बाकीचं अंगण मळकं दिसायला लागलं. काळा डाग गेला आणि पांढरा डाग आला.

व्यंकटराव ओसरीवरून ओरडले, "ए बाई! हे काय करून ठिवलं? आता समदं अंगण धू!"

सुकेशनीनं बटण बंद केलं. "काका, माझं नाव सुकेशनी हाय. नावानं बोला, मग दर सांगते."

व्यंकटरावांनी पाठ फिरवली. तिनं पाइप गुंडाळला. घरातून त्यांच्या बायको कमलबाई धावत आल्या, चहाला थांबवायला लागल्या, पण आमचा ॲपे निघाला होता. मला इतका अभिमान वाटला, की लंगडं चाकसुद्धा सरळ चालल्यासारखं झालं.

पण धम्मदीपला कुठं काय बोलावं कळत नाही. त्यानं घरी येऊन कौतुकानं सगळं आईला सांगितलं. आईनं त्यातलं 'ए बाई' तेवढं ऐकलं. त्यांनी भंगारवाल्याला फोन केला. "पुनवेला ये दुपारून. मशीन घेऊन जा."

शब्द सुकेशनीनं दिला होता. त्या संध्याकाळी तिनं माझा पट्टा ताणला, नोझलमधली माती काढली, फडक्यानं अंग पुसलं. मला कळून चुकलं, ही पाठवणीची तयारी आहे.

पुनव म्हणजे बुद्धपौर्णिमा. आदल्या दिवशी मांडवाचं सामान घेऊन एक ट्रॅक्टर विहाराच्या अंगणात आला, सामान उतरवेपर्यंत उभा राहिला आणि निघून गेला. जाताना मधोमध ऑइलचं डबकं ठेवून गेला. सगळ्यांना दिसलं. सरजाबाईंना दिसलं नाही. त्या नवी पांढरी साडी नेसून फुलांच्या माळा करायला बसल्या, त्या बरोबर त्याच्यातच.

त्या उठल्या तशी शेजारची चतुराबाई म्हणाली, "सरजाबाई, पुनव उद्या हाय, पण तुमच्या मागं आजच आमुश्या उगवली!"

सरजाबाई भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारख्या आडव्या चालत घरी आल्या.

"सुकेशनी, विहारात ऑइल सांडलंय."

"असं का."

"उद्या समदी वस्ती पांढरं नेसून खाली बसणार."

"व्हय, बसणार की."

"मग?"

"मग काय आत्या? बोलावल्याबिगर मी कामाला जात न्हाई."

सरजाबाई माझ्याकडे बघायला लागल्या, जणू मीच तिला शिकवलं होतं. मग घसा साफ करून, प्रत्येक अक्षर दगडासारखं उचलत म्हणाल्या, "सुकेशनीताई... कवा येता?"

"ही काय, आलेच!"

विहारात पोचलो तर पाण्याची बोंब. मे महिना. टँकर आला होता, पण ते पाणी प्यायला आणि खिरीला. माझ्या वाट्याला एक ड्रम. भुसा, सोडा, ब्रश सगळं झालं, मी धार सोडली आणि डाग साफ निघाला. आणि पुन्हा तेच! मळक्या अंगणात मधोमध पांढरा चट्टा.

चतुराबाई म्हणाली, "ठिगळ लावल्यावानी दिसायलंय गं. समदं धुवून टाक."

सुकेशनीनं ड्रममध्ये डोकावलं. सगळं अंगण धुण्याइतकं पाणी नव्हतं. सरजाबाईंच्या मळलेल्या साडीकडे तिनं एकदा बघितलं, मग अंगणाकडे. मग माझी धार बारीक केली आणि त्या पांढऱ्या चट्ट्यापासून थेट भिंतीपर्यंत एक सरळ पट्टा मारला, बसलेल्या माणसाच्या रुंदीचा. मग परत फिरून दुसऱ्या भिंतीपर्यंत. थोडी जागा सोडून दुसरा. मग तिसरा. मी आयुष्यात इतकी सरळ चालले नव्हते. शेवटचा पट्टा भिंतीला टेकला आणि ड्रमच्या बुडाशी माझा पाइप नुसती हवा ओढायला लागला.

दुसऱ्या दिवशी काय झालं सांगू? दरवर्षी जो तो पंख्याखाली सरकायचा, मागचे पुढं यायचे, पुढचे कुरकुरायचे. यंदा कुणी काही सांगितलं नाही. माणसं आली, पांढरे पट्टे बघितले आणि त्यांच्यावर ओळीनं बसली. पांढऱ्या कोब्यावर पांढरी वस्ती, आणि मध्ये यायला जायला वाट. भंतेजी बघून थबकलेच. "यंदा रांगा कुणी आखल्या?"

सरजाबाई मधोमध उभ्या राहिल्या, जुन्या साडीत. "माझ्या सुनेनं. सुकेशनीताईनं."

वंदना संपते न संपते तोच शाळेचे गुरुजी सुकेशनीपाशी आले. प्रार्थनेच्या मैदानावर असेच पट्टे हवेत म्हणे. मंगल कार्यालयवाल्याला पंगतीसाठी हवे होते. डाग काढायला निघालेलो आम्ही, रांगा आखायला लागलो.

तेवढ्यात भंगारवाला मोटारसायकल घेऊन विहाराच्या फाटकात येऊन उभा राहिला.

"मावशी, मशीन कुठाय? घेऊन जातो."

माझ्या पंपात पाणी नव्हतं, नाहीतर गोठलं असतं.

सरजाबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "कंची मशीन? ती कामावर हाय. अन् आधी तुझी गाडी बाहीर घे. तिच्यातून ऑइल गळायलंय, माझ्या सुनेच्या कोब्यावर!"

"आता काय करू मावशी? पडलं की."

"करतो काय? सुकेशनीताईकडं नंबर लाव!"

भंगारवाल्यानं नंबर लावला. शाळा आणि मंगल कार्यालयाच्या मागं, तिसरा.

तर मित्रांनो, तुमच्या घरात एखादी मशीन कोपऱ्यात गप्प पडली असेल, तर भंगाराचा भाव काढायच्या आधी तिचा पट्टा ताणून बघा. नोझलमधली माती काढा. महिन्यातून एकदा दोन थेंब तेल पाजा, पण अंगणात सांडू नका. आणि ती मशीन चालवणारी बाई तुमच्या दारात आली, तर लांबून हाळी देऊ नका. जवळ जा आणि आधी तिचं नाव विचारा.