श आधी, स नंतर

दुपारचे सव्वातीन झाले होते आणि चार वाजता ऑर्डर आपोआप रद्द होणार होती. नागपूरच्या एका दुकानाची, जवसाच्या चटणीची तीनशे पाकिटं. बाभुळगावातल्या आमच्या बचत गटाच्या खोलीत चारही विक्रेत्या बसल्या होत्या, चौघींचे फोन सतरंजीवर पालथे पडले होते आणि 'मान्य' दाबायला एकही तयार नव्हती.

मी मोनाली, गटाची कॉम्प्युटरवाली. ऑनलाइन बाजारात गटाचं दुकान मीच मांडलं, त्यामुळे काही बिनसलं की सगळ्यांची बोटं माझ्याकडे. तशी ती आजही होतीच.

"तिसरी खेप आहे ही," गटाच्या अध्यक्ष विमलताई म्हणाल्या. "माह्यी नव्वद पाकिटं घरात खवट होऊन राह्यली. अन् तुह्यी आत्या दर खेपेले पहिल्या नंबरवर. काहून?"

एवढी मोठी ऑर्डर एकीला झेपत नाही, म्हणून ती वाटली जाते, आणि यादीतल्या प्रत्येकीनं आपापल्या फोनवर 'मान्य' दाबलं तरच पक्की होते. यादीत जिचं नाव सगळ्यात वर, तिचा सगळा माल आधी उचलला जातो, मग तिच्या खालचीचा. आज सत्यभामाआत्याचे एकशेवीस गेले, ममताचे शंभर, रुपीबाईचे ऐंशी. तिथेच तीनशे भरले. विमलताईंना पुन्हा शून्य. त्यांचा राग खोटा नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं.

"ताई, शप्पथ, मी क्रम लावला नाही."

"मंग का देवानं लावला? सत्यभामेचं नाव काढ यादीतून. मंगच आम्ही फोन हाती घेऊ."

ममता आणि रुपीबाई खाली मान घालून बसल्या. स्वतःचा पूर्ण माल जात असताना त्या गप्प होत्या, याचा मला जास्त संताप आला. आत्या दाराजवळ, सतरंजीच्या कडेला बसली होती. तिचा नवरा, म्हणजे आमचे मामाजी, गेल्यापासून चौदा वर्षं ती सगळीकडे कडेलाच बसते. या गटात तिला पहिल्यांदा कुणी नावानं हाक मारली होती.

"काढ, पोरी," ती म्हणाली. "माह्यापायी तुले बोल कायले?"

"तू गप बस, आत्या!"

मी तिच्यावरच खेकसले. आजवर कधी न उघडलेलं 'विक्रेत्यांचा क्रम' हे पान मी उघडलं. वर लिहिलं होतं, काही निवडलं नसेल तर नावाच्या अक्षरानुसार. हे काय भलतंच? अक्षरानुसार तर सत्यभामा सगळ्यात शेवटी यायला हवी! मी यादी पुन्हा वाचली. मोठ्यानं वाचली.

"श्रीमती सत्यभामा. सौ. ममता. सौ. रुपीबाई. सौ. विमल."

आणि माझं डोकं लख्ख झालं. पाकिटावर नाव छापायचं होतं तेव्हा याच विमलताईंनी फर्मान काढलं होतं, नावापुढे सौ. लावायचं, घरंदाज दिसते. आत्याच्या वेळेला त्याच म्हणाल्या होत्या, तिच्यापुढं श्रीमती लिही. आमच्याकडे नवरा गेलेल्या बाईलाच श्रीमती लावतात.

"ताई, मुळाक्षरांत श आधी येतो, स नंतर. श्रीमती वर गेली, सौ. खाली राहिल्या. क्रम मी नाही लावला, तुमी लावला."

पावणेचार झाले होते.

"असं होय," विमलताई तिरमिरीत म्हणाल्या. "मंग माह्यापुढंबी श्रीमती लिही!"

ममतानं तोंडावर हात ठेवला. मी मात्र इरेला पेटले होते. टाइप केलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. श्रीमती विमल. एक नंबर. नव्वदच्या नव्वद.

"पाहा. जतन करू?"

विमलताईंचा हात आपसूक मंगळसूत्राकडे गेला. त्यांचे यजमान त्या वेळी समोरच्या टपरीवर चहा पीत बसले होते, खोलीतून स्पष्ट दिसत होते.

"दाबू का, ताई?"

"मोने!" आत्या उठून माझ्याजवळ आली आणि तिनं माझं मनगट धरलं. "तिले नको बसवू त्या जागी. सगळ्यायचंच काढ. सौ. काढ, श्रीमतीबी काढ."

"काढलं तर तू शेवटी जाशील, आत्या. वाटणी नव्यानं होईल. तुले तीसच उरतील."

"तीस?"

"तीस."

"दे मंग तीस. नवरा मेल्याचे एकशेवीस नको मले."

मी काढलं. ममता, रुपीबाई, विमल, सत्यभामा. चौघींचे फोन एकदम वाजले. ममतानं दाबलं, रुपीबाईनं दाबलं. आत्यानं चष्मा लावून, बोटानं अक्षर अक्षर वाचत दाबलं. विमलताईंच्या फोनवर नव्वदचा आकडा दिसत होता आणि त्या नुसत्या बघत बसल्या होत्या. तीन मिनिटं उरली, मग दोन.

"पुढच्या खेपेपासून आळीपाळी लाव," त्या अखेर म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. "सुरुवात सत्यभामेपासून."

आणि त्यांनी 'मान्य' दाबलं. मग सतरंजीवर स्वतः थोडं सरकून त्यांनी शेजारची जागा हातानं झटकली. आत्या लगेच बसली नाही. ती जागा आपल्यासाठीच आहे का, हे तिनं आधी मला विचारलं.